पीकॉक मॅन्टिस श्रिंप पाळायचाय? आधी बीळ, मग पाणी, प्राणी सगळ्यात शेवटी

टँक आला, सॉल्ट आलं, प्राणी आला, महिन्याभरात प्राणी गेला, आणि मग मेसेज येतो, "पाणी तर एकदम क्लिअर होतं हो". हे इतक्यांदा होतंय की सगळं एकदा क्रमाने लिहून टाकलेलं बरं. इथे मी फक्त पीकॉक मॅन्टिस श्रिंपबद्दल लिहितोय (हातोड्यासारख्या पुढच्या पायांनी शिंपले फोडणारा समुद्री प्राणी), म्हणजे ओडोन्टोडॅक्टिलस सिलॅरस, तो हिरवट अंगाचा, केशरी पायांचा, कारण सगळ्यांना हवा असतो तो हाच. पूर्ण वाढला की १५ ते १८ सेंटीमीटर भरतो. तुमच्याकडे एखादी छोटी जात असेल (अमेरिकेत राहणाऱ्यांना फ्लोरिडाकडच्या लाइव्ह रॉकमधून, म्हणजे समुद्रातून जिवंत जीवांसकट काढलेल्या दगडातून, कधीकधी फुकटात येतो तसा) तर टँक लहान चालेल, बाकी क्रम हाच.

आणि हो, ससून डॉकला ट्रॉलरच्या जाळ्यात जे मातकट रंगाचे मॅन्टिस ढिगाने येतात ते वेगळे. ते चिखलात बीळ करणारे, भाल्यासारखं टोचणारे. जाळ्यात चेपलेले, बर्फात पडलेले असतात. "एखादा जिवंत दिसला तर आणू का?" नका आणू.

टप्पा १: टँकच्या आधी घर तपासा

हे कोणीच करत नाही म्हणून पहिलं लिहितोय. मॅन्टिस श्रिंप म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला प्राणी, आणि या गोतावळ्याला दोन गोष्टी विषासारख्या नाही, विषच आहेत: तांबं आणि कीटकनाशक. आपल्या घरात दोन्ही भरपूर असतात.

तांब्याचं बघा. हल्ली पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारे आरओ मिळतात, तब्येतीला चांगलं म्हणून लोक हौसेने घेतात. तुमच्या घरी तसला असेल तर ते पाणी टँकला अजिबात नको. नुसतं "आरओचं आहे" एवढ्यावर जाऊ नका, मशीनवर काय लिहिलंय ते वाचा. तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवायची सवय असेल तर टँकसाठी प्लास्टिकची बादली वेगळी काढा आणि तिच्यावर मार्करने लिहा, नाहीतर कोणीतरी त्यात फरशी पुसायचं फिनाइल कालवणार. पितळेतही तांबं असतंच, म्हणजे पितळी कॉक, पितळी स्क्रू पाण्याच्या संपर्कात नकोत. माशांच्या पांढऱ्या डागांवरची बरीच औषधं कॉपरची असतात. ज्या टँकमध्ये असलं औषध पडलंय तो जुना टँक, जुनी वाळू, जुना फिल्टर मॅन्टिससाठी वापरायचा नाही, कितीही स्वस्तात मिळाला तरी.

दुसरं कीटकनाशक. मच्छरांची लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा खडू, स्प्रे, यात जे असतं ते किड्यांना मारायलाच बनवलेलं असतं आणि मॅन्टिसच्या शरीराला त्यातलं फार काही सोसत नाही. त्यात एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडत असतो! टँक ज्या खोलीत ठेवणार तिथे मच्छरदाणी किंवा खिडकीला जाळी, बस. सोसायटीचा पेस्ट कंट्रोलवाला येतो तेव्हा ती खोली त्याला द्यायचीच नाही.

> तपासा: बेडरूममध्ये मशीन लावल्याशिवाय कोणी झोपतच नाही आणि टँकला दुसरी जागा नाही, असं असेल तर हा प्राणी तुमच्यासाठी नाही. इथेच थांबा, पैसे वाचतील.

टप्पा २: बीळ

मॅन्टिस दिवसातला बराच वेळ बिळात काढतो, बिळातून बाहेर बघतो, बिळाचं तोंड बंद करून कात टाकतो. बीळ बरोबर नसेल तर तो ताणाखाली राहतो, उघड्यावर पडून राहतो, आणि मग कातीच्या वेळी घोळ होतो. समुद्रात हा इंग्रजी यू अक्षरासारखं बीळ वाळू-खड्यांत करतो, दोन तोंडांचं. आपण ते पीव्हीसी पाइपने करायचं.

हार्डवेअरच्या दुकानातून साधा पीव्हीसी पाइप आणि एल्बो आणा. प्राणी १० सेंटीमीटरच्या आसपास असेल तर दीड इंची, त्याहून मोठा असेल तर दोन इंची. हिशोब असा की त्याला आत कोलांटी मारून उलट तोंड करता आलं पाहिजे, पण आत तो सैल-सैल भटकताही कामा नये. लांबी त्याच्या अंगाच्या दुप्पट तरी. आडवा तुकडा तळाशी, दोन्ही टोकांना एल्बो, आणि एल्बोची तोंडं वाळूच्या वर निघतील अशी. सोल्युशन लावायची गरज नाही, नुसतं दाबून बसवलं तरी पुरतं, वरून वाळू-खडे असतातच.

कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा. हे टाळू नका, कात टाकलेला मॅन्टिस लोण्यासारखा मऊ असतो आणि ती कड ब्लेडचं काम करते. नंतर पाइप एक-दोन दिवस पाण्यात बुडवून, ब्रशने घासून घ्या, साबण नाही.

आत काय चाललंय ते बघायची हौस असेल (असणारच) तर आडव्या पाइपचा काचेकडचा भाग लांबीत कापून काढा आणि ती उघडी बाजू काचेला टेकवा. मग बाहेरून काचेला काळा कागद, वरच्या कडेला चिकटपट्टी. बघायचं तेव्हा कागद उचलायचा, बघितलं की खाली. कायम उघडं ठेवलं तर ते बीळ राहत नाही, शोकेस होते, आणि तो तिथे राहायचा नाही.

बिळाभोवती त्याला स्वतःला उचलून रचायला खडे लागतात, कारण हा गडी बांधकामवाला आहे, रात्री तोंड लिंपतो, सकाळी उघडतो. इथे लोक कोरलचा चुरा आणि "लाइव्ह रॉक" शोधायला लागतात. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, किनाऱ्यावरून उचलून आणलेला मेलेला तुकडासुद्धा अडचणीत आणू शकतो. गरजही नाही. घरी तिसऱ्या झाल्या की शिंपल्या उकळून, घासून, वाळवून ठेवा. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो, तो नीट धुतला की मस्त चालतो. दगड हवाच तर कारखान्यात बनवलेला कृत्रिम रीफ रॉक घ्या.

> सावधान: एकच बीळ करून थांबू नका. लांबच्या कोपऱ्यात दुसरा पाइप द्या. पहिलं त्याला आवडलं नाही तर निदान पर्याय असतो.

टप्पा ३: टँक, तळ, झाकण

एका पीकॉकला ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक घ्या. कागदावर हे १८० लिटरच्या वर जातं, वाळू-दगड घातल्यावर खरं पाणी साधारण १५० लिटर राहतं. वजन सगळं मिळून अडीचशे किलोच्या घरात, तेव्हा लोखंडी स्टँड, भिंतीला लागून, खाली थर्माकोल शीट. काच १० एमएम. आणि टँकमध्ये एकच प्राणी. जोडीदार नाही, क्लाउनफिश नाही, स्टारफिश नाही. "दोन महिने काही केलं नाही त्याने" हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि तिसऱ्या महिन्यात तेच लोक रिकामा शंख हातात घेऊन उभे असतात.

काच फोडतो का? क्वचित, पण फोडू शकतो. २००४ मध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्याने याच जातीच्या फटक्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेलाय, आणि ठोक्याचा जोर १५०० न्यूटनपर्यंत नोंदलाय. जास्त धोका तळाला असतो, कारण खणता खणता तो तळापर्यंत जातो आणि तिथे ठोकत बसतो. म्हणून वाळू घालायच्या आधी तळाला ५-६ एमएमचं अ‍ॅक्रिलिक शीट टाका, कडा सिलिकॉनने बंद करा. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलं, बाथरूमवालं नको. वाळायला पूर्ण आठवडा द्या. व्हिनेगरसारखा वास आहे तोवर पाणी नाही.

मग क्रम नीट पाळा: आधी मोठे दगड थेट शीटवर, मग पाइप, मग वाळू. वाळूवर दगड ठेवलात तर तो खालून खणणार आणि दगड त्याच्याच अंगावर येणार. वाळू अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे चुनखडीच्या खनिजाची, चार-पाच इंच, वरून शिंपल्यांचा चुरा.

हीटर, थर्मामीटर, काचेची कुठलीही नळी टँकच्या आत नको. त्याला हलणारी, चमकणारी, अनोळखी वस्तू दिसली की ठोकून बघायचीच असते, आणि फुटलेला हीटर म्हणजे पाण्यात करंट. हीटर संपमध्ये (टँकखाली ठेवलेल्या फिल्टरच्या टाकीत) किंवा मागे टांगलेल्या फिल्टरमध्ये. थर्मामीटर डिजिटल, प्लास्टिक-कोटिंगचा प्रोब, आणि तोही पंपाच्या मागे लपवून. फिल्टरच्या पाइपला स्पंज लावा. जमत असेल तर प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात ओढून काढणारं यंत्र) घ्याच, कारण हा मांसाहारी प्राणी आहे आणि घाण बरीच करतो.

झाकण जाळीचं, प्लास्टिकची किंवा नायलॉनची जाळी, कडेला वजन. वायरसाठी सोडलेल्या भोकांतूनही तो वर चढू शकतो, ती स्पंजने बुजवा. संपूर्ण काचेचं झाकण आपल्या हवेत नको, का ते पुढे येतंय.

टप्पा ४: पाणी आणि तापमान

समुद्राचं पाणी आणू नका. मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात काय काय येतं ते सांगायला नको, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही खाली जातो. आरओ-डीआयचं पाणी (आरओनंतर डीआय रेझिनमधून जाऊन उरलेले क्षारही निघालेलं) आणि पाकिटातलं मरीन सॉल्ट, एवढंच. मीठ साधारण लिटरला ३५ ग्रॅमपासून सुरू करायचं, पंप लावून रात्रभर फिरवायचं आणि मग रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्याच्या थेंबावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) मोजायचं. पाहिजे १.०२५, म्हणजे साध्या पाण्याच्या १.०२५ पट जड. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर वापरू नका, त्याच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटरही कॅलिब्रेशनच्या द्रावणाने महिन्यातून एकदा तपासा.

पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली. तापमान २४ ते २६ डिग्री, २७ पर्यंत चालेल.

आणि इथेच आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सगळं बोंबलतं. खोली ३४ डिग्री असेल तर टँकही तिथेच जाऊन बसतो, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, प्राणी बिळाच्या तोंडाशी येऊन धापा टाकतो. चिलर (पाणी थंड करणारं मशीन) महाग आहे, पण उन्हाळा काढायचा खात्रीचा मार्ग तोच, नाहीतर एसीची खोली. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा फॅन मारला तर दोन-तीन डिग्री उतरतात (म्हणून जाळीचं झाकण), पण मुंबईच्या दमट हवेत कमी उतरतात आणि नागपूर-संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत जास्त. मात्र तिकडे पाणीही सटासट उडतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पाणी उडतं, मीठ उडत नाही. कमी झालेली पातळी भरताना साधं आरओ-डीआय पाणी घालायचं, खारं नाही. लोक "समुद्री टँक आहे ना" म्हणून वर खारं पाणी घालत जातात आणि उन्हाळ्याच्या शेवटी खारेपणा कुठल्या कुठे चढलेला असतो. टँकच्या बाहेरून मार्करने पातळीची रेघ मारा, रोज सकाळी त्या रेघेपर्यंत भरा.

लाईट मंद. कोरलसाठीचे झगझगीत एलईडी याला नकोत, खिडकीचं थेट ऊन तर नकोच. पीकॉकच्या कवचाला एक रोग होतो, तपकिरी-काळे खड्डे पडत जातात, आणि जास्त उजेड व उथळ बीळ यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. बर्कलीचे रॉय काल्डवेल, ज्यांनी वर्षानुवर्षं याच प्राण्यांवर काम केलंय, तेही पीकॉकला कमी उजेड आणि अंधारं बीळ द्या असंच सांगत आलेत. खोलीतला दिवसाचा उजेड आणि संध्याकाळी तीन-चार तास छोटा दिवा, इतकं पुष्कळ झालं.

> तपासा: वीज जाते तेव्हा काय? निदान एक पंप इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीचा एअर पंप आणून ठेवा. हे प्राणी आणायच्या आधी, मेन स्विच बंद करून खरंच बघा चालतं का.

टप्पा ५: सायकलिंग, म्हणजे थांबणे

पाणी स्वच्छ दिसणं आणि पाणी तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी. प्राण्याच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये, वाळूत आधी वसायला लागतात. चार ते सहा आठवडे धरून चाला. बाटलीतल्या बॅक्टेरियाने वेळ कमी होऊ शकतो, पण टेस्ट चुकवता येत नाही.

करायचं काय, तर अमोनियम क्लोराइड घाला, लॅब-ग्रेडचं. बाजारातला नवसागर हेच रसायन आहे पण त्यात आणखी काय आहे कोणास ठाऊक, म्हणून तो नको. १५० लिटरला साधारण १ ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. मग दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट वर चढतं आणि बरेच दिवस हलत नाही, इथे लोकांचा धीर सुटतो, मग एके दिवशी तेही शून्यावर येतं. तरी लगेच विश्वास ठेवू नका. पुन्हा १ ग्रॅम घाला. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टँक तयार. मग अर्धं पाणी बदला म्हणजे साठलेलं नायट्रेट खाली येईल.

लॅबचं सामान मिळत नसेल तर सोललेल्या कोळंबीचा तुकडा जाळीच्या पिशवीत घालून टाकला तरी काम होतं, फक्त घरात वास येतो आणि घरचे विचारतात.

टप्पा ६: प्राणी बघणे आणि सोडणे

दुकानात गेल्यावर त्याला आपल्यासमोर खायला द्यायला सांगा. खाल्लं नाही तर पैसे देऊ नका, "आत्ताच खाऊन झालंय" ऐकलं तर परवा परत जा. दोन्ही हातोडे आहेत का बघा. एक तुटलेला असेल तर पुढच्या काही कातींमध्ये तो परत येतो, पण नवशिक्याने तसा घेऊ नये. देठावरचे डोळे सतत, एकेकटे फिरत असले पाहिजेत. पाठीवर, शेपटीवर काळे खड्डे नकोत. बिल घ्या, आणि त्या टँकमध्ये कॉपरचं औषध घातलं होतं का ते सरळ विचारा.

आणि हेही विचारा: तुमच्याकडे पाण्याचा खारेपणा किती? बरीच दुकानं माशांसाठी १.०१९ किंवा १.०२० वर ठेवतात. मग आपला टँक आधीच तेवढ्यावर आणून ठेवायचा आणि प्राणी सोडल्यानंतर दिवसाला ०.००१ असा चढवत १.०२५ ला न्यायचा. हे का, तर लांबून कुरिअरने आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो. बंद पिशवीत पीएच खाली असल्याने तो फारसा बाधत नाही, पण पिशवी उघडून तासन्‌तास ड्रिप (नळीने टँकचं पाणी थेंब-थेंब पिशवीत सोडणं) लावून बसलात की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. खारेपणा आधीच जुळवला असेल तर पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या, आणि सोडा. दुकान जवळ असेल, तासाभरात घरी आलात आणि खारेपणात फरक असेल, तर सावकाश ड्रिप करा, तास-दोन तास.

पिशवी फाटते, म्हणून कडक प्लास्टिकच्या बरणीतच आणा. पिशवीचं किंवा बरणीचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. प्राणी प्लास्टिकच्या गाळणीत घ्या आणि बिळाच्या तोंडाजवळ सोडा. हाताने नाही. दिवे बंद, संध्याकाळपर्यंत कोणी टँकसमोर गर्दी करायची नाही, पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा.

> सावधान: पहिले काही दिवस तो दिसणार नाही. पाइप हलवून "आहे ना आत" बघू नका. एका फटक्यात आख्खं बीळ सोडून देतो आणि मग उघड्यावर घाबरलेला बसतो.

टप्पा ७: खाणं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिलं खाणं. लांब प्लास्टिकच्या चिमट्यात कोळंबीचा छोटा तुकडा, बिळापासून थोडा दूर, हळूच हलवायचा. आधी डोळे येतात, मग मिशा, मग तो तुकडा तपासतो आणि ओढून घेतो. कधी चिमट्यालाच एक ठोका देतो, तेव्हा चिमटा हातात घट्ट पण सैल मनगटाने धरा. घेतलं नाही तर तासाभराने तुकडा बाहेर काढा. बिळात नेऊन कुजवला तर कळणारही नाही, अमोनियाच्या टेस्टमध्येच कळतं.

मोठ्या प्राण्याला आठवड्यातून दोन-तीनदा, अर्ध्या मध्यम कोळंबीएवढं. रोज मागतो म्हणून रोज द्यायचं नाही. पिल्लू असेल तर रोज थोडं.

बाजारातली कोळंबी, माकूल, तिसऱ्या, शिणाणे, लहान कुर्ल्या सगळं चालतं. साध्या पाण्याने धुवा, भाग करा, आठवडाभर डीप फ्रीझ करा आणि मगच वापरा. मीठ-हळद लावून ठेवलेली घरातली कोळंबी चुकून देऊ नका! शेतातले मुठे आणि गोगलगायी नको, फवारणीचा भरवसा नाही. जून-जुलैमध्ये मासेमारी बंदी असते, मेच्या शेवटी छोट्या पुड्या करून फ्रीजर भरून ठेवा.

आठवड्यातून एकदा तरी कवचासकट काहीतरी द्याच: अख्खी तिसरी, कुर्लीचा आकडा. फोडणं हे याचं कामच आहे, नुसतं सोललेलं खाऊन तो सुस्तावतो आणि मग काच ठोकतो. एक बंद तिसरी दिली की तो ती फिरवून-फिरवून बघतो, बिजागरीजवळची किंवा कडेची जागा शोधतो, मग टक-टक-टक असा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. फुटलेले तुकडे सगळे काढू नका, तो दाराला वापरतो.

टप्पा ८: हात आत घालायचे दिवस

आठवड्याला १५ लिटर पाणी बदला. नवीन पाणी आदल्या रात्री कालवलेलं, खारेपणा आणि तापमान जुळवलेलं. आठवड्यातून एकदा अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच टेस्ट. वहीत लिहा, किंवा फोनमध्ये, पण लिहा.

काच आतून पुसायला लांब दांड्याचा स्क्रेपर. मॅग्नेटवाला क्लीनर त्याला शिकार वाटतो, आतला तुकडा फुटलेला बघितलाय मी. सायफनची नळीही लांब घ्या. हात घालावाच लागला तर एकच नियम: प्राणी कुठे आहे ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय हात पाण्यात जाणार नाही. दुसऱ्या माणसाने त्याच्या बिळाच्या दोन्ही तोंडांवर लक्ष ठेवायचं, किंवा तोंडावर प्लास्टिकची गाळणी उलटी धरायची. रबरी ग्लोव्हजने काही होत नाही, बोट त्यातूनही फुटतं. लागलंच तर गोड्या पाण्याने धुवून डॉक्टरकडे, समुद्री पाण्यातली जखम चिघळते.

काचेवर बोटाने टकटक करणाऱ्या लहान मुलांना आणि त्याहून मोठ्या काकांना आधीच सांगून ठेवा. तो उत्तर देतो.

टप्पा ९: कात

यात सगळ्यात जास्त प्राणी जातात आणि बहुतेक वेळा मालकाच्या काळजीने जातात.

लक्षणं अशी: खाणं सोडतो, रंग मंद होतो, आणि एके दिवशी बिळाची दोन्ही तोंडं शिंपल्या-खड्यांनी बंद. लोक घाबरतात, दार उघडतात, टॉर्च मारतात, पाइप वर काढतात. नाही करायचं! कात टाकताना त्याला बाजूला वळायलाही जमत नाही आणि नंतर काही दिवस अंग मऊ, हातोडे निकामी. समुद्रातही तो या काळात दार बंद करून बसतो, आणि नुकती कात टाकलेले मॅन्टिस घुसखोराला हात फैलावून नुसती धमकी देतात हे अभ्यासातही दिसलंय, मारायची ताकद नसताना.

तुम्ही करायचं ते एवढंच: लाईट आणखी कमी, खाणं बंद, पाणी बदलणं पुढे ढकला (टेस्ट ठीक असेल तर), पातळी मात्र भरत राहा. आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. आयोडीनच्या बाटल्या विकणारे भेटतील. नियमित पाणी बदलत असाल तर चांगल्या सॉल्टमधून पुरेसं जातं, मोजता येत नसेल ते घालू नका.

मग एक सकाळ येते, बिळाबाहेर प्राणी निपचित पडलेला दिसतो, आणि घरात रडारड. आधी नीट बघा. डोळे पारदर्शक, आत पोकळ, पाठीला फट, अंगावरून पलीकडचं दिसतंय? मग ती कात आहे. राहू द्या तिथेच, तो थोडीफार खातो, नको असेल तर दारात लावतो. मेलेला प्राणी पांढुरका-गुलाबी पडतो आणि वास येतो.

बाहेर आला तरी चार-पाच दिवस थांबा, मग मऊ, सोललेली कोळंबी. अख्खी तिसरी त्यानंतर आठवड्याभराने, कारण हातोडा कडक व्हायच्या आधी ठोकला तर तोच तुटतो.

> तपासा: दार बंद होऊन तीन-चार आठवडे झाले आणि काहीच हालचाल नाही, तर आधी अमोनियाची टेस्ट. शून्य असेल तर आणखी थांबा. चढत असेल तरच काचेकडचा काळा कागद हळूच उचलून बघा.

कवचावर काळे खड्डे दिसायला लागले तर खात्रीचं औषध नाही. लाईट जवळजवळ बंद, बीळ आणखी अंधारं, पाणी बदलणं वाढवा, आणि पुढच्या कातीची वाट बघा. सुरुवातीला लक्षात आलं तर कातीबरोबर निघून जाऊ शकतं, खोल गेलं तर कात अडकते.

गणपतीला गावी जाताना

निघायच्या दोन दिवस आधी शेवटचं खाणं, उरलेलं सगळं काढून टाका, पाणी बदला. पोटभर खाणारा मोठा पीकॉक आठवडाभर उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. शेजाऱ्यांना किल्ली द्याल तेव्हा "थोडं खायला टाका" असं चुकूनही म्हणू नका, ते प्रेमाने मूठभर टाकतील. रोजच्या मापाच्या आरओ-डीआयच्या बाटल्या भरून, प्रत्येकीवर वार लिहून टँकशेजारी ओळीने ठेवा आणि सांगा: रोज एक बाटली, या रेघेच्या वर नाही, झाकण परत नीट लावायचं, आणि वहिनी, खोलीत मच्छरांचं मशीन लावू नका.